बल्बावरचं कुंकू

गाडीच्या पुढच्या दिव्यांची काच वरून अर्धी काळ्या रंगानं रंगवायची असते, असं आज कोणाला सांगितलं तर लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा काहीतरी बनवून सांगतोय. पण आमच्या दुकानात काळ्या रंगाचा एक डबा आणि त्यात बुडवून ठेवलेला ब्रश कायम असायचा. कायदाच होता तसा. वरचा भाग काळा केला की उजेड खाली रस्त्यावर पडतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती मनापासून पाळणारा माणूस मला क्वचितच भेटला. आरटीओच्या पासिंगच्या आदल्या दिवशी लोक गाडी घेऊन यायचे, "मार गा थोडा काळा" म्हणायचे, आणि पासिंग झालं की घरी जाऊन ब्लेडनं खरवडून काढायचे. पुढच्या पासिंगला पुन्हा आमच्या दारात, तेच हसू घेऊन.

मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. आता तर पांढरेफटक दिवे निघालेत. संध्याकाळी भाजी आणायला निघालो की डोळ्यांवर हात धरून रस्त्याच्या कडेला उभा राहतो, गाडी जाऊ देतो, मग पुढे चालतो. आत बसलेल्याला माझी पर्वा नसते. त्याला त्याचा रस्ता लख्ख दिसतोय ना, झालं.

आमचं दुकान नागपुरात कामठी रोडवर होतं. आमचं म्हणजे मालकांचं. गाड्यांची वायरिंग, बॅटरी, हॉर्न, दिवे, सगळी विजेची कामं. बाजूच्या बोळाच्या टोकाला एका गोदामाची चुन्यानं रंगवलेली भिंत होती. तिच्यावर मी कोळशानं रेघ ओढून ठेवली होती. दिवेलागणीला गाडी बोळात लावायची, भिंतीवर उजेड पाडायचा आणि तो रेघेच्या खाली बसेपर्यंत दिव्याचे स्क्रू फिरवायचे. या कामात मला फार समाधान वाटायचं. पण गिऱ्हाईक मागे उभं असायचं.

"थोडा वर घे ना गा."

"वर घेतला तर समोरच्याच्या तोंडावर जाईल, भाऊ."

"मले झाडाचा शेंडा दिसला पाहिजे."

"शेंड्यावरून कोण चालतं?"

"अगा, चालत नाही, पण दिसला तर पाहिजे!"

असा वाद रोजचा. शेवटी मालक आतून म्हणायचे, "अबे कोकण्या, त्याची गाडी, त्याचे पैसे. घे वर." मग मी स्क्रू फिरवायचो. उजेड माझ्या रेघेवरून उडी मारून गोदामाच्या पत्र्यावर जायचा, आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं.

कोकण्या म्हणजे मी. माझं गाव मालवणच्या बाजूचं. शाळा सहावीत सुटली. आमच्या वाडीतला एक जण नागपुरात रेल्वेच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता, त्याच्याबरोबर आलो. पुढे त्याची बदली झाली, तो गेला, मी राहिलो. जायच्या आधी त्यानं मला या मालकांपुढे उभं केलं आणि म्हणाला, "शिकलेला नाही, पण इमानदार आहे." माझ्याजवळ शाळेचा दाखला नव्हता. तो एक शब्द हाच माझा दाखला. त्या शब्दावर मालकांनी मला ठेवून घेतलं, काम शिकवलं, आणि दुकानातच मागच्या बाजूला झोपायला जागा दिली. दुकानाची चावी माझ्याकडे असायची. मी ती करगोट्याला बांधून ठेवायचो. कुलूप लावलं की ओढून बघायचो, चार पावलं जायचो आणि परत येऊन पुन्हा ओढायचो. मालक हसायचे, "बस कर ना गा, कुलपाले जीव नाही आहे, पळून नाही जात ते." त्यांना काय सांगणार? त्या शहरात माझं म्हणून जे काही होतं, ते त्या कुलपाच्या आतल्या एका वळकटीएवढं होतं.

मालकांच्या बायकोला सगळे बाई म्हणायचे. मी मावशी म्हणायचो. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत. दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. मला मासळीची आठवण येते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ताडलं. त्या घरात मासळी शिजत नसे, पण अधूनमधून कन्हानहून कोणाच्या तरी हाती नदीची मासळी मागवायच्या, परसात वेगळी चूल मांडायच्या आणि नाकाला पदर लावून माझ्यासाठी रांधायच्या. त्या मासळीला चिखलाचा वास यायचा. मी ताट पुसून खायचो. "कशी झाली गा?" विचारलं की म्हणायचो, "आईच्या हातची." खोटं होतं, पण तसं ते खोटंही नव्हतं.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मला राग येणार आहे. ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरावर रागवायचं कसं, हे मला इतक्या वर्षांत नीट जमलेलं नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. तोवर गाडीचा बल्ब म्हणजे साधा बल्ब, घरातल्या दिव्याचा धाकटा भाऊ. हातात धरा, पुसा, फुंकर मारा, काही बिघडत नसे. मग हॅलोजन आला. लहानसा, बोटाएवढा, पण उजेड असा की बघणारा एक पाऊल मागे सरायचा. ठोक दुकानाचा विक्रेता पहिल्यांदा तो दाखवायला आला तेव्हा त्यानं बल्ब कागदात धरून खोक्यातून काढला आणि मालकांना हिंदीत सांगितलं, "सेठ, काच को उंगली मत लगाना. उंगली का तेल लग गया तो गरम होके फूटेगा. पकडना है तो नीचे पीतल से पकडो." खोक्यावर चित्रही होतं. एक हात, आणि त्याच्यावर फुली. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण फुली कळते.

मालक तेव्हा खर्रा घोटत होते. तळहातावरच्या पन्नीतली सुपारी-तंबाखू घोटता घोटता त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि मला म्हणाले, "ऐकलं ना? ध्यानात ठेव."

मी ठेवलं. दुपारी जेवताना मावशींनाही सांगितलं, मोठ्या अपूर्वाईनं. त्या हसल्या. "म्हणजे सोवळ्यातला बल्ब आहे म्हण की! आमच्या सासूबाईसारखा. हात लावला की भडकते."

आता दसऱ्याचं सांगतो. नागपुरात दसऱ्याला गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून पूजतात, तशा सगळीकडेच पूजतात. पण आमच्या दुकानाची एक वेगळी रीत होती. त्या दिवशी गाडीला जी काही नवी वस्तू लावायची, हॉर्न म्हणा, बॅटरी म्हणा, तिला आधी बाईंच्या हातचं कुंकू लागायचं. बाईंचं कुंकू लाभतं, त्यांचा हात लागलेली गाडी रस्त्यात दगा देत नाही, असं ट्रकवाल्यांमध्ये पसरलेलं होतं. त्यासाठी लोक मुद्दाम दसऱ्याला काम काढायचे. मावशी सकाळी न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, तबक घेऊन दुकानात यायच्या. कुंकू तिळाच्या तेलात कालवलेलं, म्हणजे वस्तूवर नीट बसावं. वर्षातल्या त्या एका दिवशी त्या दुकानाच्या मालकीण दिसायच्या, आणि मालक त्यांच्या मागे अदबीनं उभे असायचे.

त्या वर्षी कन्हानकडचा एक वाळूचा ठेकेदार आला. त्यानं जुनी ॲम्बॅसॅडर घेतली होती आणि तिला नवे दिवे हवे होते.

"सगळ्यात मोठा बल्ब कोणता आहे तुह्याजवळ?"

"मोठा घेऊ नका," मी म्हणालो. "जुन्या गाडीची वायरिंग तापेल. आणि समोरच्याला..."

"समोरचा बाजूले झाला पाहिजे," ठेकेदार म्हणाला. "त्याच्यासाठीच पाह्यजे मोठा."

मालकांनी खोकी काढून दिली. मी दिव्यांच्या काचेभोवतीची कडी सोडवली, आतले जुने बल्ब काढले. नवा बल्ब कागदात धरून बाहेर काढतोय, तोच मावशी तबक घेऊन समोर. त्यांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं.

मी बोललो. हे मी आज ठासून सांगतो, कारण पुढे मालक मी काही बोललोच नव्हतो असे वागले. मी म्हणालो, "मावशी, काचेला नको. खाली पितळेला लावा."

त्या हसल्या. "अगा, कपाळ सोडून कोणी पायाले कुंकू लावते का?"

ठेकेदार खो खो हसला. मी मालकांकडे वळलो. "मालक, तो माणूस सांगून गेला होता ना..."

"माहीत आहे मले," मालक दबक्या आवाजात म्हणाले. "सणाच्या दिवशी अपशकुनी बोलू नको. लावू दे."

*माहीत आहे मले.* हे तीन शब्द मी अजून विसरलेलो नाही.

मावशींनी काचेवर ठसठशीत टिकली लावली, वर हळद, वर अक्षता. दुसऱ्या बल्बालाही तसंच. मग मला म्हणाल्या, "आता बसव, बेटा."

कोणी म्हणेल, आडोशाला जाऊन पुसून टाकायचं होतं. मला हे शहाणपण पुढे एक-दोघांनी शिकवलंही. कुंकू पुसायचं? दसऱ्याच्या दिवशी? जिनं लावलं ती सवाशीण समोर उभी असताना? म्हणणाऱ्यानं आधी स्वतःच्या घरात एकदा तसं करून बघावं आणि मग माझ्याशी बोलावं. मी बल्ब बसवले. ठेकेदारानं बोळात दिवे लावून पाहिले. गोदामाची भिंत दुपार झाल्यासारखी उजळली. त्यानं मला आपट्याची पानं दिली आणि निघून गेला.

कोजागिरीच्या जरा आधी तो परत आला. सकाळचीच वेळ होती. गाडीचं मागचं डावं दार आत गेलेलं, आणि त्याच्या कपाळाला पट्टी. उतरला तो सरळ माझ्या अंगावर.

"काय बे, कुठं इकले माह्ये नवे बल्ब?"

मला काही समजेना. मग हळूहळू त्याच्या शिव्यांमधून गोष्ट बाहेर आली. आदल्या दिवशी तो कन्हानहून निघाला होता, नुकता अंधार पडत होता. चालता चालता उजव्या दिव्यात फट्ट आवाज आला आणि तो दिवा गेला. आता राहिला एकटा डावा, कडेचा. समोरून खाणीतून सुटलेला एक कामगार सायकलवर येत होता. त्याला एकच दिवा दिसला. त्याला वाटलं, मोटरसायकल आहे, कडेनं जाईल. तो आपला रस्त्याच्या मधोमध आला. ठेकेदारानं गाडी डावीकडे ओढली आणि मागचं दार बाभळीवर आदळलं.

"नवा बल्ब असा फुटते का?" तो मालकांना म्हणाला. "तुमच्या या पोट्ट्यानं जुने बल्ब घातले अन् माह्ये नवे दाबले. दसऱ्याच्या गर्दीत कोण पाह्यते!"

रस्त्यावरची माणसं थांबली. शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला. मी तसा भित्रा माणूस. गावाहून तार आली असं कोणी नुसतं म्हटलं तरी मी हातातलं काम टाकून कोपऱ्यात जाऊन बसायचो. पण त्या दिवशी त्या भीतीखालून काहीतरी तापत वर येत होतं. फसवणूक केली, असं म्हणत होता तो. माझ्याकडे जो एकच दाखला होता, तोच भर रस्त्यात फाडत होता.

"मालक," मी म्हणालो, "डावा दिवा शाबूत आहे. तो उघडा. बल्बावर कुंकू असेल तर बल्ब तोच आहे. जुन्या बल्बावर मावशींचं कुंकू कुठून येणार?"

बोललो आणि मला वाटलं, सुटलो. याहून सोपं काय असणार? दोन मिनिटांचं काम.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला खर्रा घोटायचा थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं दिसलं. दिवा उघडला तर कुंकू निघणार, मी सुटणार. पण मग उजवा का फुटला, हे सगळ्या कामठी रोडला कळणार. बाईंच्या हाताचं, बाईंच्या कुंकवाचं जे नाव होतं, ते जाणार. त्यांनी दोन्हींचा विचार केला. फार वेळ लागला नाही त्यांना.

"चावी दे इकडं," ते मला म्हणाले.

"मालक?"

"चावी दे म्हणून राह्यलो ना. अन् गाडीले हात लावू नको."

मी करगोट्याची गाठ सोडायला लागलो. रोजच्या घामानं ती आवळून बसली होती, सुटायला वेळ लागला. ठेकेदार बघत होता, पंक्चरवाला बघत होता. शेवटी चावी मालकांच्या हातात दिली. ती त्यांनी खिशात टाकली आणि ठेकेदाराला म्हणाले, "तुम्ही संध्याकाळी या. दोन्ही बल्ब नवे टाकून देतो. याचं काय करायचं ते मी पाहतो."

आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझा हात जड होतो. ठेकेदाराचं मी समजू शकतो. त्याला कपाळाला लागलं होतं, तो तापट होता, त्याला हॅलोजनमधलं काही कळत नव्हतं. पण मालकांना माहीत होतं. त्यांनी विक्रेत्याचं ऐकलं होतं, दसऱ्याला माझं ऐकलं होतं. मी चोर नाही हे त्यांना माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. ते माझ्यावर चिडले असते तर मला चाललं असतं. ते चिडले नव्हते. त्यांनी हिशेबानं मला चोर ठरू दिलं, कारण परगावचा माणूस चोर ठरला तर कोणाचं काही जात नाही.

मी दुकानाबाहेर ट्रकच्या जुन्या टायरवर जाऊन बसलो. उठून जायचं तर कुठे? वळकटी आत, कुलपाच्या आत. जेवणाची वेळ झाली तरी गेलो नाही. तेव्हा मावशीच डबा घेऊन आल्या.

"काहून नाही आला गा जेवायले? बरं नाही वाटून राह्यलं का?"

"भूक नाही, मावशी."

"तोंड पाह्य कसं झालं! घरची आठवण आली?"

मी मान हलवली. सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे त्यांना सांगायचं, की तुमचं कुंकू लागलं म्हणून ते फुटलं, गाडी बाभळीवर गेली, एक माणूस मरता मरता वाचला. जी बाई नाकाला पदर लावून माझ्यासाठी मासळी रांधते, तिला हे मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि मला याचाच जास्त संताप आला, की मालकांनी हे सगळं ओळखलं होतं. हा पोरगा बोलणार नाही, हे ते धरून चालले होते. माझ्या उपकाराच्या जाणिवेलाच त्यांनी कुलूप घातलं होतं.

मावशी डबा माझ्या बाजूला ठेवून आत गेल्या. मालकांशी काही बोलल्या, मालक तुटक बोलले. त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या, वाती वळत. मला वाटतं त्यांना काहीतरी खटकलं होतं, म्हणून त्या घरी गेल्या नाहीत.

उन्हं कलली तसा ठेकेदार गाडी घेऊन परत आला. मला टायरवर बघून म्हणाला, "हा चोर अजून इथंच बसून आहे का?"

मावशींच्या हातातली वात थांबली. "कोण चोर?"

"हाच की बाई, तुमचा कोकण्या. दसऱ्याले माह्ये नवे बल्ब दाबले अन् जुने लावून देल्ले."

"कोणते बल्ब? मी कुंकू लावले ते?"

"तेच तर."

"मंग उघडून पाहा ना. कुंकू दिसन."

मालक घाईनं बाहेर आले. "जाऊ दे वं. मी देऊन राह्यलो ना त्याले नवे. तू घरी जाय."

"काहून जाऊ दे? पोरगा चोर म्हणवून घेऊन राह्यला अन् जाऊ दे?" त्या उठल्या. "तुम्ही उघडता का मी पंक्चरवाल्याले बोलावू?"

मालकांनी पेचकस घेतला. डाव्या दिव्याची कडी सोडवली, दिवा बाहेर घेतला, मागून बल्ब काढला. फडक्यात धरून काढला. काचेला हात न लावता. तेही मी पाहिलं.

बल्बावर कुंकू होतं, पण ते लाल राहिलेलं नव्हतं. जळून करपलेल्या डाळीसारखं काळं-तपकिरी झालं होतं, आणि त्याच्याखाली काच पांढुरकी पडून फोडासारखी फुगली होती. आज नाही तर उद्या तोही फुटणार होता. अक्षतेचा एक दाणा कोळसा होऊन अजून चिकटलेला होता.

मावशींनी बल्ब जवळ घेऊन पाहिला. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण परसातली चूल आणि तिच्यावर तापणारी भांडी त्यांना माहीत होती. तापलेल्या काचेवर तेल पडलं की काय होतं, हे त्यांना सांगायला नको होतं.

"उजवा याच्यानंच फुटला?" त्यांनी मला विचारलं. मालकांना नाही, मला.

मी खाली पाहिलं.

"बोल ना गा."

"हो, मावशी."

त्यांचा चेहरा उतरला. तबकातला दिवा वाऱ्यानं विझावा तसा. क्षणभर मला वाटलं, सकाळीच चोर ठरून निघून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या ठेकेदाराकडे वळल्या आणि रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे माह्यं कुंकू आहे. बल्ब तेच आहेत. पोरानं मले तेव्हाच सांगतलं होतं की काचेले लावू नका, मीच ऐकलं नाही. चोर म्हणायचं असन तर मले म्हणा."

ठेकेदार जरा ओशाळला. मग हसला. "अरे बापा! म्हणजे कुंकवानंच घात केला? जाऊ द्या बाई, होते असं. फक्त या वेळी कुंकू नका लावू." आणि मालकांना म्हणाला, "पण बल्ब तोच द्या, मोठा. उजेड मस्त आहे त्याचा."

माझं डोकं फिरलं. दिवसभर जे दाबून धरलं होतं ते भलतीकडूनच बाहेर आलं.

"त्या सायकलवाल्याचं काय झालं?" मी विचारलं.

"कोणता सायकलवाला?"

"जो तुमच्या गाडीसमोर आला होता. खाणीतला."

"हां, तो! पडला होता बाजूले. उठला असन." त्यानं खिशातून पाकीट काढलं. "तुले काय करायचं आहे त्याचं?"

त्या सायकलवाल्याचं पुढे काय झालं, हे सकाळपासून एकानंही विचारलं नव्हतं. बल्बाचं बोलले, दाराचं बोलले, कपाळाच्या पट्टीचं, कुंकवाचं बोलले. एका दिव्यावर भरवसा ठेवून जो माणूस रस्त्यात आला, त्याचं कोणाला काही नव्हतं. मी पेचकस उचलला नाही. ते बल्ब मालकांनी स्वतः बसवले. आणि उजेड रेघेच्या वर ठेवला, गिऱ्हाइकाला हवा होता तिथे.

गाडी गेल्यावर मालक दुकान आवरायला लागले. मी टायरवरच बसलो होतो, वाट बघत. मला चावी नको होती. मला एक वाक्य हवं होतं. कसलंही चाललं असतं. "चुकलं गा" नाही तर नुसतं "चल, जेव" सुद्धा. ते बाहेर आले, माझ्या अंगावरून गेले, आणि जाताना चौकटीच्या खिळ्याला चावी अडकवली. माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीच्या वळणापर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

मावशी पायरीवरच होत्या. दुपारचा डबा त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवला. "घे ती चावी," म्हणाल्या.

"नको मावशी. मी जातो."

"कुठं?"

मी डब्याचं झाकण काढलं. मी जेवलो, गार पोळी आणि वांग्याची भाजी, आणि मग उठून खिळ्यावरची चावी घेतली. पण करगोट्याला पुन्हा बांधली नाही. त्या दुकानात मी पुढे बरीच वर्षं काढली. चावी रोज त्या खिळ्यावरून घ्यायचो आणि खिळ्यावर ठेवायचो. मालकांनी कधी विचारलं नाही काहून, आणि मी कधी सांगितलं नाही. कुलूप मात्र ओढून बघायचं मी सोडून दिलं.

पुढच्या दसऱ्याला मावशी येतील की नाही, मला शंका होती. ट्रकवाल्यांमध्ये गोष्ट पसरली होती. कोणी म्हणे, बाईचा हात जड झाला. गिऱ्हाइकं थोडी कमीच होती. पण त्या आल्या, न्हाऊन, तेच लुगडं नेसून. एका टेम्पोला दिवे लावायचे होते. मी कागदात धरून बल्ब बाहेर काढला आणि थांबलो. मालक मागे उभे होते, खर्रा घोटत.

मावशींनी बोट कुंकवात बुडवलं, पुढे केलं, आणि हवेत धरलं.

"कुठं लावू गा?" त्यांनी मला विचारलं. सगळ्यांसमोर.

"इथे, मावशी. पितळेवर."

त्यांनी लावलं, अगदी जपून, काचेला जराही न लागू देता. टेम्पोवाला म्हणाला, "बाई, पायाले काहून?" त्या म्हणाल्या, "यालेच विचार." आणि माझ्याकडे बोट दाखवलं, ते कुंकवाचं बोट.

मी मालकांकडे वळून पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.